पट ११ : आमच्या वाडीच्या शाळेच्या बातम्या आणि शिमग्यापर्यंतचे बेत

पडवी | ८ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा इथे दुसऱ्या एका धाग्यावर मी आमच्या वाडीच्या शाळेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. "पुढचं कळवत राहा" असं बऱ्याच जणांनी म्हटलं होतं. तेव्हा भात लावणी आली, मग गणपती, मग कापणी-झोडणी. आत्ता कुठे हात मोकळे झाले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वर तालुका, सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी. चिऱ्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, मागे परसबाग. एक बाई, एक सर. पट ११ : पहिलीत दोघं, दुसरीत तिघं, तिसरीत एकटी एक, चौथीत तिघं, पाचवीत दोघं. माझी मुलगी चौथीत आहे आणि यंदा शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आहे. शाळेचं आणि मुलांचं नाव लिहीत नाही, मुलं लहान आहेत.

आधी बातम्या.

पावसाळ्यात वानरांनी दुसऱ्या खोलीची कौलं फोडली. जुलैत सगळी अकरा मुलं एकाच खोलीत बसत होती, बाई एका भिंतीकडे तोंड करून आणि सर दुसऱ्या. गणपतीला मुंबईकर आले तेव्हा गौरी-विसर्जनानंतर वाडीतले नि मुंबईचे मिळून बाराजण वर चढले, दोन दिवसांत सगळी कौलं परतली, दोन वासे बदलले. दोन्ही दिवस जेवण घरोघरून आलं.

परसबागेत आता वाल, मुळा, लाल माठ आहे. पोषण आहाराचे तांदूळ माणशी १०० ग्रॅम ठरलेले असतात, पण त्यावर रोज ताजी भाजी पडते ती या परसातली. स्वयंपाकाच्या ताई सकाळी येतानाच कुठल्या वाफ्यातलं काढायचं ते मुलांना सांगून ठेवतात.

आणि मला सगळ्यात अभिमान आहे तो पावसाच्या वहीचा. १६ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत मुलांनी रोज पाऊस मोजला. रविवारी, नागपंचमीला, गणपतीच्या सुट्टीतसुद्धा. मोजायचं काम तिसरीतल्या एकटीकडे होतं. वर्गात जोडीदार नाही म्हणून सरांनी ते तिला दिलं. डोक्यावर इरलं घेऊन ती सकाळी साडेआठला शाळेच्या पटांगणात हजर असायची.

पुढचे बेत :

२४ डिसेंबर, साने गुरुजींची जयंती. गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या पालगडचे. संध्याकाळी शाळेच्या पडवीत वाचन, मुलं वाचतील आणि मोठी माणसं ऐकतील.

३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. वाडीतल्या ज्या आज्या तिसरी-चौथीत शाळा सोडून बसल्या किंवा कधी गेल्याच नाहीत, त्या दिवसभर वर्गात बसणार. शिकवणार मुलं.

संक्रांतीला मारळच्या मार्लेश्वराची यात्रा. त्या दोन दिवसांत कुणी शाळेत फिरकत नाही, म्हणून काही ठेवलेलं नाही.

२५ जानेवारीला बालबाजार. त्यानंतर रत्नागिरीची सहल : मत्स्यालय, थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मघर. वेळ उरला तर मालगुंडला केशवसुतांचं स्मारक.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. यंदा भाषणं नाहीत. वाडीच्या शब्दांचं प्रदर्शन करायचं आहे. घरोघरच्या माळ्यावरच्या जुन्या वस्तू आणायच्या, प्रत्येकीच्या शेजारी तिचं नाव आणि आजीने तिच्याबद्दल सांगितलेलं एक वाक्य.

या शेवटच्या बेतासाठी मला इथल्या जाणकारांची मदत हवी आहे. बाकी चर्चाही होऊ द्या.

---

जास्वंदी | ८ डिसेंबर, रात्री १०.१५

किती सुंदर! पर्जन्यमापक विकतचा होता की घरी केला? आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर करून बघायचाय.

---

पडवी | ८ डिसेंबर, रात्री १०.५२

घरचाच. दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्यायची. वरचा उतरता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे टाकायचे, ते बुडतील इतकं पाणी घालायचं आणि त्या पाण्याच्या रेघेवर शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवायची. खड्यांमुळे बाटली वाऱ्याने पडतही नाही. झाडाखाली किंवा वळचणीला ठेवायची नाही. मोजून झालं की शून्यापर्यंत पाणी ओतून टाकायचं. सरकारी वेधशाळाही सकाळी साडेआठलाच पाऊस मोजते, म्हणून आम्हीही तीच वेळ धरली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री बाटली भरून वाहिली. सकाळी वहीत काय लिहायचं यावर वर्गात तासभर चर्चा. पाचवीतला म्हणाला, बाटलीचा शेवटचा आकडा लिहू. तिसरीतली म्हणाली, तो खोटा होईल, जास्त पडलाय. शेवटी वहीत लिहिलं गेलं, "बाटलीपेक्षा जास्त." सरांनी ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारी दुसरी, उंच बाटली आली.

---

चाकरमानी_७८ | ९ डिसेंबर, सकाळी ८.०५

मी लांज्याकडचा, सध्या बदलापूर. माझी शाळाही अशीच, दोन खोल्यांची. आता बंद आहे. गणपतीला गेलो की कुलूप दिसतं, आणि पडवीत कुणाचं तरी गवत रचलेलं असतं.

आमच्या कंपनीतल्या मित्रांचा गट दर वर्षी एका शाळेला काहीतरी देतो. तुमच्या मुलांना ११ टॅब देता येतील. चालेल का? संपर्क कसा करायचा?

---

पडवी | ९ डिसेंबर, दुपारी १.३०

दादा, तुमच्या शाळेचं वाचून वाईट वाटलं. गवताचं चित्र दिवसभर डोळ्यांपुढून हलेना.

टॅबबद्दल मोकळेपणाने लिहिते, राग मानू नका. वाडीत रेंज फक्त सड्यावर मिळते आणि शाळा खाली आहे. वर्गात एक टीव्ही संच आहे, सर त्यावर लागेल तेवढं दाखवतात, तो पुरतो. अकरा टॅब आले तर पुढच्या पावसात त्यांचं चार्जिंग आणि दुरुस्ती सांभाळण्यातच बाईंचा वेळ जाईल.

आम्हाला पुस्तकं हवी आहेत. मुलांनी कपाटातली सगळी दोन-दोनदा वाचली. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. त्यातले निवडक अंक कुणी चांगल्या कागदावर छापून, शिवून पाठवले तर मुलांच्या हाती मोठा ठेवा येईल. आणि त्याहून हवी आहेत माणसं. तुमच्यापैकी दोघंजण एक दिवस येऊन "मी कंपनीत काय काम करतो" एवढं हातवारे करून सांगा. आमच्या मुलांना मुंबईला माणसं जातात हे माहीत आहे, तिथे जाऊन दिवसभर करतात काय ते माहीत नाही.

---

चाकरमानी_७८ | ९ डिसेंबर, दुपारी २.१०

राग कसला! पटलं. अंक छापायचं माझ्याकडे लागलं. आणि मी येतो. लेथवर काम करतो, छोटे नट-बोल्ट आणि एखादा अर्धवट कापलेला जॉब घेऊन येतो, मुलांना हातात देता येईल.

---

घाटमाथा | ९ डिसेंबर, रात्री ९.२०

उपक्रम उत्तम आहेत, शिक्षकांना नमस्कार. पण एक अडचणीचा प्रश्न विचारतो, आणि मनापासून विचारतो. अकरा मुलांची शाळा चालू ठेवणं मुलांच्या हिताचं आहे का?

तुम्हीच लिहिलंय की तिसरीत एकटी मुलगी आहे. तिला बरोबरीच्या वयाचं कुणी नाही. कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. मी स्वतः सात मुलांच्या शाळेत शिकलो. पाचवीला मोठ्या शाळेत गेलो तेव्हा चाळीस मुलांच्या वर्गात तोंड उघडायला मला दीड वर्ष लागलं. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचा, विचार पुढे आला, तेव्हा राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा असल्याचं सांगितलं गेलं. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं दिली गेली. चांगली इमारत, विषयवार शिक्षक, खेळाचं मैदान, ने-आण करायला गाडी, हे सगळं मिळणार असेल तर वाडीच्या शाळेचा हट्ट कशासाठी?

---

मृद्गंध | ९ डिसेंबर, रात्री ९.४५

घाटमाथा, 'मिळणार असेल तर' या शब्दांवरच सगळं अडलंय.

---

निवृत्त_गुरुजी | १० डिसेंबर, सकाळी ६.३०

घाटमाथा यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी ३४ वर्षांची नोकरी जिल्हा परिषदेत झाली, त्यातली १९ एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत.

पहिली गोष्ट अंतराची. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत, असं ठरलं. कागदावर एक किलोमीटर म्हणजे एक किलोमीटरच. कोकणातल्या वाडीत त्या एक किलोमीटरमध्ये एक घाटी आणि दोन पऱ्हे असतात. जुलैत पऱ्ह्याला पाणी आलं की सहा वर्षांचं पोर साकवावरून एकटं सोडता येत नाही. आईने सोडायला जायचं तर त्या दिवसाची लावणी राहते. म्हणजे पोर घरी राहतं, आणि बहुतेक वेळा मुलगीच घरी राहते. शाळा लांब गेली की गळती लगेच आकड्यात दिसत नाही. नाव पटावर असतं, पोर घरात असतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, वाडीवर शाळा हवी हा हट्ट नवा नाही. महर्षी कर्वे आपल्या मुरुडचे. परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. त्याच कर्व्यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची, हेच त्याचं काम. शाळा लांब असली म्हणजे काय होतं हे त्या माणसाला पायांनी माहीत होतं.

तिसरी गोष्ट, एकट्या मुलीची. बहुवर्ग अध्यापन नीट केलं तर ती एकटी राहत नाही. मी भाषेला दुसरी-तिसरी एकत्र बसवायचो, गणिताला तिसरी-चौथी. पाचवीचा मुलगा पहिलीला वाचून दाखवायचा, त्यात त्याचंच वाचन पक्कं व्हायचं. एका फळ्याचे खडूने तीन भाग, एका भागावर शिकवणं, एका भागावर सराव, एका भागावर चित्र. पण त्याला दोन शिक्षक पूर्ण वेळ हवेत. कायद्याने ६० पटापर्यंत दोन शिक्षक आहेत. त्यातला एक वर्षभर याद्या, फॉर्म आणि बैठकांत गेला तर माझं सगळं म्हणणं पोकळ ठरतं, हेही कबूल करतो.

तोंड न उघडण्याबद्दल : घाटमाथा, तुमची दीड वर्षं वाया गेली त्याचं वाईट वाटतं. त्यावर उपाय शाळांनी एकमेकींकडे जाण्याचा. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, चार छोट्या शाळा महिन्यातून एक शनिवार एकत्र आणा. खेळ, गाणी, जेवण तिथेच. मुलं महिन्यातून एकदा चालत जातील, रोज नाही.

---

पडवी | १० डिसेंबर, सकाळी ११.१५

गुरुजी, तुमचा शनिवारचा उपाय मी आजच सरांना वाचून दाखवला. शेजारच्या दोन वाड्यांच्या शाळांशी बोलायचं ठरलं आहे. कबड्डीचे दोन संघ होतील.

---

अबोली_ | १० डिसेंबर, रात्री १०.०५

मी इथे सहसा लिहीत नाही. आमच्याही गावात अशी शाळा आहे आणि माझा मुलगा तिथे जात नाही. सकाळी सातला व्हॅन येते, तो इंग्रजी माध्यमात जातो. वाडीत त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागतं.

माझं दहावीनंतरचं शिक्षण इंग्रजीमुळे थांबलं. अकरावी सायन्सला पहिल्या महिन्यात काही कळेना, मी रडून घरी आले ती आलेच. मुलाचं तसं होऊ नये एवढंच मनात होतं. पण तो पाऊण तास जाताना आणि पाऊण तास येताना व्हॅनमध्ये असतो, झोपतो. आजीशी बोलायला त्याला वेळ नाही. पावसाची वही वाचून मला रात्री झोप लागली नाही. तुमच्या शाळेत इंग्रजीचं काय करतात?

---

पडवी | ११ डिसेंबर, दुपारी १२.४०

अबोलीताई, तुम्हाला कुणीही काही बोलायचा अधिकार नाही. आपण सगळ्या आपल्या पोराचं भलंच बघतो.

पहिलीपासून इंग्रजी आहेच. आमच्या बाई रोज पहिली वीस मिनिटं फक्त इंग्रजीतच बोलतात, मुलांनी मराठीत उत्तर दिलं तरी चालतं. रोजचं एक इंग्रजी वाक्य दारावर लिहितात, आत येताना प्रत्येकाने ते वाचायचं. अकरावीच्या सायन्सला एवढं पुरेल असं खोटं मी सांगणार नाही. पण माझी मुलगी मराठीत धडधड वाचते, त्यामुळे तिला इंग्रजी वाचायची भीती कमी वाटते, हे मी घरात बघते आहे.

व्हॅन चालू असली तरी शनिवारी दुपारी मुलाला घेऊन तुमच्या वाडीच्या शाळेत जाऊन बसा. शाळा गावाची असते, पटावर नाव लागतंच असं नाही.

---

बोलीवेडा | १२ डिसेंबर, सकाळी ९.००

शब्दांच्या प्रदर्शनाबद्दल. बोलींच्या नोंदी घेण्याचं थोडंफार काम केलं आहे, त्यातून सुचतं ते लिहितो.

आजी जे बोलेल ते दुरुस्त न करता लिहा. ती 'व्हता' म्हणाली तर 'व्हता'च. मुलांना आधी सांगून ठेवा की ही चूक नव्हे. नुसता शब्द नको, पूर्ण वाक्य घ्या. वस्तू कोण वापरायचं, कधी वापरायचं, आता का वापरत नाहीत, हे तीन प्रश्न पुरे. आवाज मोबाइलवर ठेवणार असाल तर आजीला विचारून. आणि वस्तूंपुरतं थांबू नका. भाताची नावं घ्या, पावसाची घ्या, वाटांची, शेताच्या तुकड्यांची घ्या. प्रत्येक कुणग्याला नाव असतं.

---

जास्वंदी | १२ डिसेंबर, सकाळी ९.४०

रोवळी लिहा! माझी आजी त्यातच तांदूळ धुवायची. बांबूची, खाली चौकोनी, वर गोल.

---

चाकरमानी_७८ | १२ डिसेंबर, सकाळी १०.०२

शिंकाळं, कणगी, घिरट. आमच्या माळ्यावर घिरट अजून आहे, भात भरडायचं. दोन माणसं लागतात उचलायला.

---

वऱ्हाडी_मैना | १२ डिसेंबर, सकाळी ११.३०

आमच्याकडे धान्य साठवायच्या कणगीला ढोली म्हणतात.

---

घाटमाथा | १२ डिसेंबर, दुपारी १२.१५

आमच्याकडे कणिंग. गुरुजी, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. साकव आणि लावणीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, आमच्याकडे सपाटी आहे. समूहशाळेबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण तुमचा महिन्याचा शनिवार मला माझ्या गावात करून बघायचा आहे.

---

पडवी | ४ जानेवारी, रात्री ९.१०

कालचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नऊ आज्या आल्या. सगळ्यांत मोठ्या ८१ वर्षांच्या. काही जणी बाकावर बसायला लाजत होत्या, खालीच बसतो म्हणाल्या. पहिलीतल्या दोघांनी हात धरून वर बसवलं. हजेरी झाली, प्रार्थना झाली, मग तिसरीतली पावसाची वही घेऊन उभी राहिली आणि वाचायला लागली, तारीख आणि मिलिमीटर.

आज्या जरा वेळ गप्प. मिलिमीटर त्यांच्या ओळखीचा नव्हता. मग ८१ वर्षांच्या आजींनी विचारलं, "मिरग कधी निघाला?" मुलीला कळेना. सरांनी पंचांग मागवलं. मग उरलेला अख्खा दिवस एकच काम चाललं. आजी नक्षत्र सांगायच्या, सर पंचांगात तारीख बघायचे, मुलगी वहीत त्या तारखेला लाल रेघ मारायची. मृग, आर्द्रा. मग पुनर्वसू, तो तरणा पाऊस. पुष्य, तो म्हातारा. आश्लेषा. मघा सासूंचा, पूर्वा सुनांचा. उत्तरा, हस्त.

"बाटलीपेक्षा जास्त" ही ओळ बरोबर तरण्या पावसात निघाली. आजी म्हणाल्या, "तरना त्यो. बाटलीत कसा ऱ्हाईल?"

त्यानंतर चौथीच्या मुलांनी प्रत्येक नक्षत्राची बेरीज केली आणि फळ्यावर काठ्यांचा आलेख काढला. सासूंच्या पावसापेक्षा सुनांचा कमी भरला, त्यावर आज्यांमध्ये बरंच बोलणं झालं. जाताना दोघी-तिघींनी विचारलं, आता परत कधी यायचं. सरांनी दर शुक्रवारचा शेवटचा तास त्यांना देऊन टाकला. शब्दांचं कामही त्याच तासाला सुरू होईल. भाताच्या नावांत आत्तापर्यंत पटणी, वालय आणि मुणगा आले आहेत.

---

बोलीवेडा | ४ जानेवारी, रात्री ९.५५

ही वही जपा. झेरॉक्स काढून एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा, वानरं पुन्हा कौलांवर येतील.

---

अबोली_ | ५ जानेवारी, सकाळी ७.२०

शनिवारी गेलो होतो आमच्या शाळेत. बाईंनी मुलाला आत बोलावलं. तो तासभर बसला, कुणाशी बोलला नाही. घरी आल्यावर आजीला विचारत होता, "आपल्याकडे मिरग कधी येतो?"

---

निवृत्त_गुरुजी | ५ जानेवारी, सकाळी ८.४५

पडवीताई, बालबाजाराला येण्याचा विचार आहे. बाहेरच्यांना चालतं का? काय आणावं?

---

पडवी | ५ जानेवारी, दुपारी १.०५

गुरुजी, तुम्ही आलात तर मुलांना मोठा आनंद होईल. २५ जानेवारी, सकाळी १० ते १. फाट्यावर उतरलात की कुणीतरी मोठं माणूस घ्यायला येईल, पुढे वीस मिनिटांची चाल आहे. गाव आणि फाटा मेसेजमध्ये कळवते. चाकरमानी_७८ दादा आदल्या रात्रीच येणार आहेत, त्यांची सोय आमच्याकडे केली आहे, तुमचीही होईल.

मुलं विकणार आहेत परसातला मुळा, माठ, वालाच्या शेंगा, घरची आमसुलं, कोकमाचं आगळ, नाचणीचे लाडू, आणि पाचवीतल्या दोघांनी विणलेल्या दोन रोवळ्या. एकीचा काठ थोडा वाकडा झालाय, ती आधीच माझ्या मुलीने सांगून ठेवली आहे. येताना दोन कापडी पिशव्या आणा आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा जास्त आणा. उरलेले पैसे परत करताना मुलं वजाबाकी वहीत मांडणार आहेत, तेवढा वेळ उभं राहावं लागेल.